सॉरीच्या सदतीस चिठ्ठ्या

कोशाच्या कचेरीत एक नियम असा होता की तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खुर्ची मिळत नसे. वाक्य रचायचं नाही. कानांनी ऐकलेलं वाक्यच आणायचं, मग ते कितीही वेडंवाकडं असो.

नियम मुख्य संपादकांचा. पाठीमागे सगळे त्यांना पूर्णविराम म्हणत, कारण ते बोलले की विषय संपला. लोकांच्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश ते अठ्ठावीस वर्षं करत होते आणि अजून 'स'वरच अडकले होते. प्रत्येक शब्दाखाली तिकडचा उच्चार, इकडचा उच्चार, मूळ, अर्थ आणि प्रत्येक अर्थाला लोकांच्या तोंडची वाक्यं. वाक्य तळहाताएवढ्या चिठ्ठीवर उतरवायचं. सोबत वार, तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं वय, धंदा, बोलणं कोणाला उद्देशून होतं ते. आणि शेवटी दोन ओळी, ज्यांच्यापायी निम्मे लोक नोकरी सोडून पळाले होते: 'आधी काय घडलं' आणि 'नंतर काय घडलं'.

"शब्द आभाळातून पडत नाही," पूर्णविराम सांगायचे. "आधी काहीतरी घडतं, मग तो तोंडातून निघतो. ते लिहा. आणि शब्दाला हात लावू नका. चुकीचा बोलला तर चुकीचा लिहा. आपण नोंदवणारे, सुधारणारे नव्हे."

चिठ्ठीबाई त्यांच्याकडे बावीस वर्षं होत्या. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. बसच्या रांगेत, दवाखान्यात, लग्नात, मर्तिकात, बाईंचे कान उघडे आणि पेन हातात. त्यांची बहीण एकदा वैतागून म्हणाली होती, "हिच्यासमोर सुखाने मरायचीही सोय नाही, शेवटचे शब्द टिपून घेईल." त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता म्हणून बाईंनी ते वाक्य सोडून दिलं.

'सॉरी' त्यांच्या वाट्याला आला तेव्हा बाकीचे हसले. तिकडे हे साधं विशेषण. इकडे येऊन त्याने विशेषणाची नोकरी सोडली आणि मिळेल ते काम धरलं. धक्का लागला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी. फोन भलतीकडे लागला, सॉरी. असला माल टोपल्यांनी आला होता. पूर्णविरामांना हवा होता अर्थ एक: 'आपण केलेल्या गोष्टीचं मनापासून वाईट वाटणारा'.

"पश्चात्ताप आणा," ते बाईंना म्हणाले. "खरा. रस्त्यावर मिळत नाही तो."

तो बाईंना घरात मिळाला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघर आणि एक मोठी खोली. मुलाचं लग्न झालं तेव्हा त्या खोलीत मध्ये प्लायवूडची भिंत घातली, अलीकडे बाई, पलीकडे मुलगा आणि सून. भिंत रंगवली की विटांची वाटायची, पण आवाजाला रंग दिसत नाही. पलीकडे कोणी कूस वळवली तरी अलीकडे कळायचं.

मुलगा गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्यासारखा शांत शिक्षक नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते खरं होतं. शिकाऊ बायकांनी गाडी खांबावर घातली तरी तो म्हणायचा, "होतं असं. पुन्हा पहिल्यापासून." शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाखालीही एक ब्रेक होता. घरी तो नव्हता म्हणून हात सुटायचा, असं म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. पहिले दोन महिने त्याने तोंडावर मारलं. सून चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची, लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघायची. गिऱ्हाईक तिच्या गालाकडे बघून विचारू लागलं, तेव्हापासून त्याने गळ्याच्या वर हात नेला नाही. बरगड्या, पाठ, मांड्या. म्हणजे ब्रेक होताच, आणि तो बरोबर हवा तिथे दाबायचा.

पहिल्या वेळी बाई पलंगावर बसून दिवसभराच्या चिठ्ठ्या लावत होत्या. पलीकडे कप फुटला. मग कानशिलात बसल्याचा आवाज, एक, दोन, तीन, मोजून मारल्यासारखा. मग सून कशावर तरी आपटली आणि कपाटाचं दार वाजलं. मग मुलगा रडवेल्या आवाजात बोलला. बाई पलंगावरून अर्ध्या उठल्या. उठावं की बसावं ते सुचेना, दार वाजवावं तर काय म्हणून वाजवावं ते सुचेना. हाताला जे येत होतं ते हाताने केलं.

'सॉरी, सॉरी, राणी, सॉऽरी.' मंगळवार, संध्याकाळी सहा पस्तीस. बोलणारा: पुरुष, एकतीस, वाहनशिक्षक. ऐकणारी: पत्नी, सत्तावीस, चष्म्याचं दुकान. आधी: कप फेकला, कानशिलात तीन, कपाटावर ढकललं. नंतर: ऐकणारी म्हणाली, 'ठीक आहे.' अर्थ एक.

लिहून झाल्यावर हात थांबले. आपण काहीतरी केलं, असं त्यांना वाटलं. त्या वाटण्याने त्यांचा घात केला.

दुसऱ्या दिवशी मुलगा चहा पीत असताना त्या म्हणाल्या, "सोन्या, काल काय चाललं होतं रे?"

"काय चालणार? नवरा-बायकोचं असतं काहीतरी. तू मध्ये पडू नकोस, आई."

"तिला लागलं असेल."

"मी सॉरी म्हटलं तिला," तो म्हणाला, आणि कप विसळून पालथा घालून गेला. कप विसळणारा मुलगा. बाप देवमाणूस होता, उभ्या जन्मात त्याने झुरळावरही चप्पल उचलली नव्हती. शब्दाचं मूळ जाड पुस्तकात शोधलं की सापडतं. हे कुठून आलं ते बाईंना कुठल्या पुस्तकात सापडणार होतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या गप्प बसल्या.

सुनेशी बोलायचं त्यांनी मनात आणलं, दहादा आणलं. पण सून स्वयंपाकघरात उभी राहून भाजी चिरायची, हसून म्हणायची, "आई, तुम्हाला मीठ कमी लागतं ना?" आणि बाई म्हणायच्या, "हो गं, कमीच घाल." तिला वाटायचं सासूबाईंना संध्याकाळी डोळा लागतो, त्यांना काही ऐकू जात नाही. बाईंनी तिचा तो समज मोडला नाही. तिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता आणि बाईंना कान उघडे ठेवून.

चिठ्ठ्या वाढत गेल्या. नववी रविवारची, संध्याकाळी सात चाळीस: केस धरून फरशीवरून ओढत नेलं, कमरेत लाथ. नंतर: ऐकणारी म्हणाली, 'हळू, आई उठतील.' सोळावी, पट्ट्याच्या बकलाची. बकल हाडावर बसलं की वेगळा आवाज येतो, मांसावर बसलं की वेगळा, हे बाईंना आता कळायला लागलं होतं. तेविसावीला त्याने तिचं बोट दारात धरून दार लोटलं. सुनेने उशीत तोंड खुपसलं असावं, कारण किंकाळी लांबून आल्यासारखी आली. दुसऱ्या दिवशी बोटाला पट्टी बांधून ती दुकानात गेली आणि डाव्या हाताने स्क्रू पिळत बसली. लोक अशा वेळी कानांवर हात ठेवतात. बाईंचा हात कागदावर होता, एवढाच फरक, आणि तो फरक फार मोठा आहे असं त्या स्वतःला समजावत.

कारण काम चालूच होतं ना. सॉरीनंतर घर एकदम निवायचं. दहा मिनिटांनी मुलगा बाहेर येऊन विचारायचा, "आई, चहा घेणार?" शब्द झाला की मार संपला, हे इतक्या वेळा झालं की बाईंना ते रात्रीनंतर दिवस येण्याइतकं पक्कं वाटू लागलं. पहिला फटका ऐकला की त्या पेन उघडायच्या आणि शब्दाची वाट बघायच्या. शाळेतलं पोर घंटेची बघतं तशी.

पूर्णविराम खूश होते. "अर्थ एकला असा माल कोणी आणला नव्हता," ते बैठकीत म्हणाले. "आधीची ओळ बघा. काय तपशील आहे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाच्या घरचा तपशील, हे कोणी विचारलं नाही. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, असाही एक नियम होता.

शब्दाचं मूळ शोधायला बाई दोन दिवस जाड पुस्तकं घेऊन बसल्या. लोकांना वाटतं की सॉरी हा दुःखवाचक 'सॉरो'चा भाऊ. तसं नाही. दोघांची कुळं वेगळी, शेजारी राहून राहून तोंडावळा सारखा झाला. सॉरीचं जुनं रूप 'सारिग', आणि त्यातला 'सार' म्हणजे जखम, ठणका. सारिग म्हणजे ज्याला दुखतंय तो, अंगभर ठणकणारा. तो 'सा' आखूड होत होत 'सॉ' झाला, आणि अर्थही घसरत मार खाणाऱ्याकडून मारणाऱ्याकडे गेला. तिसरा अर्थ तर आणखीच खाली उतरलेला: दीनवाणा, टाकाऊ. बाईंनी हे सगळं नीट उतरवलं. 'अंगभर ठणकणारा' लिहिताना पेन अडलं. स्वयंपाकघरात ओट्याला धरून सावकाश वाकणारी सून डोळ्यांपुढे आली. तरी ओळ पुरी केली.

चिठ्ठ्या शेवटी कानसेनकडे जायच्या. हा कचेरीतला उच्चारवाला. गाणं येत नव्हतं पण कान असा की, पाण्याचा नळ कुठल्या सुरात गळतोय ते सांगायचा. चिठ्ठीवर स्वर लांब की आखूड त्याच्या खुणा असत, त्यांवरून तो 'इकडचा उच्चार' ठरवायचा. एका बुधवारी दुपारी त्याने बाईंना आपल्या टेबलाशी बोलावलं. सदतीस चिठ्ठ्या तारखेप्रमाणे मांडल्या होत्या, पत्त्यांचा डाव मांडावा तशा.

"हा सगळीकडे एकच माणूस आहे," तो म्हणाला.

"हो."

"पहिल्या चिठ्ठीत तीन वेळा म्हणतो, आणि शेवटचा सॉरी ओढतो. इथे बघा, दहावीत दोनदा. विसावीनंतर एकदाच. तिसावीत 'सॉरी' पण नाही, नुसतं 'सॉर्', तुम्हीच पाय मोडून लिहिलंय. आणि ही परवाची. काय लिहिलंय हे?"

"ओठ हलवल्यासारखं वाटलं. नीट ऐकू आलं नाही."

"बाई, हा उच्चार नव्हे. हा शब्द संपत आलाय." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "आधीच्या ओळी बघा. शब्द जितका आखूड होतोय, तितका मार वाढतोय. ज्या दिवशी हा शब्द येणार नाही, त्या दिवशी काय होईल?"

बाईंनी परवाची चिठ्ठी पालथी करून ठेवली.

"कोणाचं घर आहे हे?"

"शेजारचं," त्या म्हणाल्या.

"मग पोलिसांत जा. आज जा."

"आपण नोंदवणारे," बाई म्हणाल्या. "हात लावायचा नसतो."

कानसेन त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत कीव होती की किळस, ते बाईंना ठरवता आलं नाही. "शब्दाला हात लावायचा नसतो," तो सावकाश म्हणाला. "हे माणूस आहे ना?"

घरी जाताना बाई पोलीस चौकीवरून गेल्या. दारातल्या शिपायाने विचारलं, "काय हवंय?" त्या म्हणाल्या, "काही नाही, किती वाजले?" त्याने वेळ सांगितली. वेळ त्यांनी सवयीने लक्षात ठेवली: पाच वाजून दहा.

गुरुवारी मुलगा लवकर आला. शिकाऊ गिऱ्हाइकाने गाडी फाटकात घातली होती, पुढचा दिवा गेला होता, तरी त्याने 'होतं असं' म्हटलं होतं. हे सगळं त्याने हसत सांगितलं. सून म्हणाली, "मला दुकानाच्या दुसऱ्या शाखेत पाठवतायत. लांब आहे. मी तिथेच खोली घेऊन राहीन म्हणते." हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, बहुधा आरशासमोर सराव करून. मुलगा म्हणाला, "आत ये, बोलू."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी प्लायवूडच्या भिंतीवर काहीतरी आपटलं आणि भिंत बाईंच्या अंगावर आल्यासारखी हलली. बाईंनी पेन उघडलं.

बुक्के होते. आज मोजून नव्हते. एकावर एक, घाईने, श्वास घ्यायलाही न थांबता. सून 'नको' म्हणाली, मग 'ऐका ना' म्हणाली, मग नुसती धापू लागली. खुर्ची पडली. काच फुटली. बाई शब्दाची वाट बघत होत्या. आता येईल. नेहमी इथेच येतो, काचेनंतर. आला नाही. मुलगा कुजबुजत होता, "जाणार? जाणार?" आणि प्रत्येक 'जाणार'बरोबर ठोसा बसत होता. बाईंनी चिठ्ठीवर वार आणि तारीख घातली. वेळ घातली. पेनाचं टोक 'सॉरी'च्या जागी टेकवून त्या बसल्या. पलीकडे ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि सुनेचं धापणं बदललं. त्यात आता तोंडातून काहीतरी घळघळत होतं.

तेव्हा त्यांना कळलं की शब्द येणार नाही. आपण दोन मिनिटं, पुरती दोन मिनिटं, पेन धरून बसलो होतो.

त्या धावल्या. स्वयंपाकघरातून जाताना शेगडीवरचा बिडाचा तवा हाताला लागला, तापलेला होता, तसाच उचलला. दार आतून लावलेलं नव्हतं. चौदा महिने ते कधीच लावलेलं नव्हतं. मुलाने गुडघा सुनेच्या छातीवर रोवला होता आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून फरशीवर आपटायला उचललं होतं. तिचा जबडा एका बाजूला लोंबत होता, लोंबत म्हणजे अक्षरशः, आणि रक्त केसांत उतरत होतं. बाईंनी तवा दोन्ही हातांनी उचलून मुलाच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं त्यांच्या मनगटांना कळलं. त्याने वळून बघितलं, तेव्हा दुसरा घाव कानावर घातला. कान फाटला, कातडी करपल्याचा वास आला. त्याने उजव्या हाताने आईला असं झटकलं की त्या कपाटाच्या कडेवर आपटून खाली बसल्या.

मग खोली शांत झाली. मुलगा उठला. एक हात लोंबत होता, मानेवरून रक्त शर्टात जात होतं. त्याने आईकडे बघितलं आणि त्याचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला.

"आई," तो म्हणाला. "सॉरी. तुला लागलं का?"

चांगला लांब, ओढून, दोन्ही स्वर पूर्ण. बायकोकडे त्याने बघितलंही नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्याने तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि आईला दोनदा समजावलं. ती स्टूलवर चढून पडदे लावत होती. स्टूल घसरलं. तिला धरायला तो धावला, दोघं शेगडीवर पडले. "कळलं ना, आई? तू झोपली होतीस." बाईंचे तळहात तव्याने पोळून फुगले होते. त्या गाडीत सुनेच्या पायाशी बसल्या. 

शुक्रवारी डॉक्टरांनी सुनेचा जबडा तारांनी बांधला. चार बरगड्या मोडल्या होत्या. बोलणं बंद. हवालदारबाई आल्या तेव्हा मुलगा उशाशी बसला होता, हात गळ्यात बांधलेला, आणि सुनेने कागदावर लिहून दिलं: स्टूलवरून पडले. तो चमच्याने तिच्या ओठांना पाणी लावत होता. नर्स एकमेकींना सांगत होत्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. उद्या घरी सोडणार होते.

शनिवारी सकाळी बाई कचेरीत गेल्या. पोळलेल्या हातांनी त्यांनी 'स'चं कपाट उघडलं आणि सदतीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. पूर्णविराम दारात येऊन उभे राहिले.

"चिठ्ठी बाहेर जात नाही," ते म्हणाले.

"ह्या जातात."

त्यांनी बाईंच्या तळहातांकडे बघितलं, मग गठ्ठ्याच्या वरच्या चिठ्ठीकडे. 'वाहनशिक्षक' शब्दावर त्यांची नजर थांबली. बाईंचा मुलगा काय करतो ते त्यांना बावीस वर्षांत एकदातरी कळलं असणारच.

"मी ह्या सगळ्या वाचल्या होत्या," ते म्हणाले. "वाखाणल्या होत्या." पुढे काहीतरी बोलायचं होतं, पण पहिल्यांदाच त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. ते दारातून बाजूला झाले.

दवाखान्यात मुलगा नव्हता. सूप प्यायची नळी आणायला गेला होता. बाईंनी हवालदारबाईंना बोलावून आणलं होतं. हवालदारबाई थकलेल्या, सरळ, तोंडावर कुठलाही भाव न ठेवणाऱ्या. त्यांनी पलंगाच्या पायाशी खुर्ची ओढली आणि एकेक चिठ्ठी वाचायला घेतली. दहाव्या चिठ्ठीनंतर त्यांनी फोन करून गेटवर दोन माणसं उभी करायला सांगितली. "वर येऊ देऊ नका," एवढंच म्हणाल्या.

"ह्यातली वेळ कोणी घातली?"

"मी. त्या त्या क्षणी."

"शपथेवर सांगाल?"

"सांगेन. माझाच मुलगा आहे. तेही लिहा."

"तुम्हाला हे पहिल्यांदा केव्हा कळलं?"

कालच कळलं, असं म्हणता आलं असतं. परवा, असंही. बाईंनी पहिल्या चिठ्ठीची तारीख सांगितली. चौदा महिन्यांपूर्वीची.

हवालदारबाईंचं पेन थांबलं. "मग इतके दिवस तुम्ही काय करत होतात?"

"लिहीत होते."

हवालदारबाईंनी ते तसंच उतरवून घेतलं. मग पलंगावरून हात पुढे आला. सुनेने चिठ्ठ्या मागितल्या होत्या.

तिने त्या पहिल्यापासून वाचल्या. घाई केली नाही. एका चिठ्ठीशी तिने स्वतःचं वाकडं झालेलं बोट बघितलं. 'हळू, आई उठतील' ह्या ओळीशी फार वेळ थांबली. बाई बघत होत्या. तोंडात तो शब्द आला होता, जिभेच्या टोकाशी होता, आणि तो ह्या खोलीत उच्चारणं हे आणखी एक मारणं झालं असतं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. रडूही आवरलं. रडण्याचा हक्क ह्या खोलीत एकीलाच होता आणि ती रडत नव्हती.

सदतीसाव्या चिठ्ठीनंतर सुनेने गठ्ठा पांघरुणावर ठेवला. कोपरावर उठली. बरगड्यांमुळे तिच्या नाकातून कण्हणं निघालं, तरी उठली, आणि सगळा जोर लावून तिने सासूच्या थोबाडीत मारली. उलट्या हाताने पुन्हा मारली. बाईंचा चष्मा उडून खाली पडला. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा बाईंनी चेहरा हलवला नाही. तो फटका कानावर बसला आणि कानात शिटी वाजत राहिली.

हवालदारबाई उठल्या नाहीत. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

सून धापत पडून राहिली. तारांमधून लाळेबरोबर थोडं रक्त आलं, ते तिने पुसलं. मग पलंगाच्या कडेवरून हात खाली सोडून तिने चष्मा चाचपला आणि उचलला. एक काडी वाकली होती. तिने ती दोन बोटांत धरून, डोळ्यांसमोर नेऊन, हळूहळू सरळ केली. पांघरुणाच्या टोकाने काचा पुसल्या. सासूला जवळ यायची खूण केली, चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, दोन्ही कानांमागे बोटं घालून काड्या बसवल्या, समोरून बघून डावी बाजू जरा वर केली. मग हवालदारबाईंच्या हातातला जबाब ओढून घेतला, सासूपुढे धरला आणि सही करायच्या जागेवर बोट ठेवलं.